जुना टाटा १६१३ ट्रक: बॅटरी उतरते, ब्रेक दाबला की मागचा दिवा विझतो, पार्किंगचा फ्यूज उडतो. किट बदलायच्या आधी हे करा

दादा, आधी तुमचं दुखणं माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे काही उलटं समजलो असेन तर कळेल. २००७ ची टाटा १६१३, कांदा भरून वाशीला जाते, दोन बॅटऱ्या लागोपाठ जोडून २४ व्होल्टची सिस्टीम. दोन रात्री गाडी उभी राहिली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारत नाही, आणि दोन बॅटऱ्यांतली एकच दरवेळी आधी जाते, तीसुद्धा नवीन टाकून वर्ष झालेली नाही. पार्किंग लाईट चालू असताना ब्रेक दाबला की उजवीकडचा मागचा दिवा उजळायच्या ऐवजी विझल्यासारखा होतो आणि त्याच बाजूचा इंडिकेटर दिला की पार्किंगपण मिचकावतं. घाट उतरताना पार्किंगचा फ्यूज उडतो, गाडी उभी असताना नाही. आणि दोन वायरमननी बघून पूर्ण वायरिंग किट, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरी, बदलायला सांगितलंय.

किट बदलू नका, म्हणजे आत्ता तरी नका. तुम्ही सांगितलेल्यापैकी एकाही गोष्टीवरून किट खराब आहे असं सिद्ध होत नाही, आणि तीनपैकी दोन दुखणी तर किटच्या बाहेरचीच आहेत, किट बदललं तरी जशीच्या तशी राहतील. जुन्या गाडीत वायर मधल्या मधे फार क्वचित मरते. ती मरते टोकाला, जॉइंटला, कपलरमध्ये (वायरींचा प्लग), थिंबलच्या (वायरीच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) मुळाशी आणि अर्थच्या बोल्टखाली. अर्थ म्हणजे करंट चॅसीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. म्हणून शोधायची सुरुवात तिथून.

सामान जास्त लागत नाही. एक साधं डिजिटल मीटर, २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आणि त्याला दोन लांब वायरी, टोकाला क्लिपा, एक पॉलिश पेपर, वायर ब्रश. क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, पण घेताना डीसी करंट दाखवतो का ते बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, ते घरातल्या वायरिंगला ठीक, गाडीला काही कामाचे नाहीत, दुकानदार सांगत नाही. आणि ती एलईडीची टेस्टर पेन मिळते ती बाजूला ठेवा, का ते आता सांगतो.

तुमच्या वायरमनने मीटर लावून "चोवीस येतायत, वायर बरोबर आहे" असं म्हटलं असणार, सगळेच म्हणतात. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटल्या असतील आणि एक केसाएवढी तार शिल्लक असेल तरी मीटर पूर्ण २४ दाखवणार, आणि बल्ब जोडला की तेच व्होल्टेज धाडकन खाली. पाणंदीतून सायकल गेली म्हणून भरलेला ट्रक जाईल असं होत नाही. एलईडीच्या पेनचंही तेच, ती नुसत्या वासावर पेटते. म्हणून नियम एकच ठेवा, मोजायचं ते लोड चालू असताना मोजायचं, दिवा लावून, सेल्फ मारताना, हॉर्न दाबून. कपलर काढून मोकळ्या टोकाला व्होल्टेज बघणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

आता उजवा दिवा. हा शंभर टक्के अर्थचा आजार आहे, आणि तो का होतो ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी बघताक्षणी ओळखाल. मागच्या दिव्यात दोन फिलामेंटचा बल्ब असतो, २१ वॅटचं ब्रेकला आणि ५ वॅटचं पार्किंगला, दोघांचा अर्थ मात्र एकच, बल्बची पितळी टोपी. हा अर्थ तुटला तर पार्किंगचा करंट परत जायला वाट शोधतो, ५ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीत येतो, तिथून २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत घुसतो, आणि ब्रेकची वायर दोन्ही बाजूंना एकच असल्यामुळे डाव्या दिव्याच्या ब्रेक फिलामेंटमधून तिकडच्या अर्थला जातो. २१ वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स कमी असतो, त्यामुळे ५ वॅटवाला जवळपास नीट पेटलेला दिसतो आणि कुणाला शंकाच येत नाही. मग तुम्ही ब्रेक दाबता. ब्रेकच्या वायरीत २४ व्होल्ट येतात, म्हणजे ५ वॅटच्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना २४, करंट जायला फरकच उरला नाही, दिवा विझला. इंडिकेटरच्या बल्बचा अर्थ त्याच दिव्याच्या बॉडीला असेल तर तो पेटतो-विझतो तसा पार्किंगही मिचकावतो. बल्ब बदलून, ब्रेक स्विच बदलून, फ्लॅशर बदलून ह्यात काहीही फरक पडत नाही, तरी लोक ह्याच क्रमाने ह्या तीन गोष्टी बदलतात.

सिद्ध करायला दोन मिनिटं लागतात. पार्किंग चालू ठेवा, एक माणूस ब्रेकवर, आणि एका वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावून दुसरं टोक उजव्या दिव्याच्या बल्बच्या टोपीला किंवा होल्डरच्या अर्थला टेकवा. दिवा ठणठणीत झाला तर विषय संपला. मीटरने बघायचं असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन होल्डरच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, पट्ट्यावर नाही, थेट शिशाच्या पोस्टवर. सगळे दिवे चालू असताना पाव व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. अर्धा-एक व्होल्ट आला तर घाण आहे. चार-पाच किंवा त्याच्या वर आलं तर अर्थ नाहीच असं समजा. मग एकेक पायरी मागे या, होल्डरवरून दिव्याच्या बॉडीवर, बॉडीवरून ब्रॅकेटवर, ब्रॅकेटवरून चॅसीवर, आणि ज्या पायरीला आकडा एकदम पडला त्याच दोन पायऱ्यांमध्ये दोष.

बहुतेक तो ब्रॅकेटच्या बोल्टखाली सापडेल. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), आणि पासिंग आलं की रंग. पेंटर काही बोल्टवर चिकटपट्टी लावत बसत नाही, दिवा काढतो, फवारा मारतो, दिवा परत लावतो, आता ब्रॅकेट आणि चॅसीच्या मधे रंगाचा थर. वरून पावसाळा. तुमची गाडी कांदा नेते म्हणजे फाळक्याखाली (बॉडीची उघडणारी फळी) ओल, माती, कांद्याचं पाणी हे आलंच. माझं मत विचाराल तर दिव्याच्या अर्थसाठी ब्रॅकेटवर विसंबूच नका, प्रत्येक मागच्या दिव्याच्या होल्डरपासून दीड स्क्वेअर एमएमची वेगळी काळी वायर काढा, क्रिम्प केलेलं (पकडीने दाबून बसवलेलं) थिंबल लावा, चॅसीवर एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दात्यांचा वॉशर टाकून बोल्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. ग्रीस आधी लावून मग आवळतात काही जण, तसं नका करू. आणि पुढच्या रंगाच्या वेळी पेंटरला ही जागा दाखवून ठेवा.

मागे वाकलाच आहात तर गाडीचा मोठा अर्थपण बघून घ्या. दोन असतात, बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीला आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारा विणलेला पट्टा. क्लचचं काम, गिअरबॉक्स उतरवणं झालं की हा पट्टा परत लावायचा राहून जातो, किंवा लावतात पण गंजलेल्या बोल्टला. सेल्फचा करंट काहीशे अँपिअरचा, त्याला परत यायला रस्ता तर हवाच, मग तो ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडो मीटरची केबल, जे लोखंड इंजिनला आणि चॅसीला एकदम चिकटलंय त्यातून जातो. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागली किंवा तिचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर केबलवाल्याकडे जाण्याआधी हा पट्टा बघा. मोजायचं असं, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या लोखंडाला, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये. तसंच पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फचा मोठा स्टड, तिथेही साधारण तेवढंच चालेल. आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर सेल्फ मारताना १९ च्या खाली व्होल्टेज जात असेल तर वायरिंगच्या आधी बॅटरीची चौकशी करा.

बॅटरीवर आलोच आहे तर तुमच्या ह्या "एकच बॅटरी दरवेळी मरते" वर जरा थांबू, कारण मला वाटतं तुमचा सगळ्यात जास्त पैसा इथेच गेलाय. प्रश्नात तुम्ही लिहिलं नाही पण मी पैजेवर सांगतो, केबिनमध्ये म्युझिक सेट, मोबाईलचा चार्जर, कदाचित छोटा पंखा आहे, आणि तो १२ व्होल्टवर चालतो. ते १२ व्होल्ट कुठून घेतलेत? दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी मधली पट्टी असते तिथून एक वायर काढलेली असणार. बऱ्याच जुन्या ट्रकांत हेच केलेलं दिसेल. ह्यात काय होतं, सेट फक्त खालच्या बॅटरीतून खातो, म्हणजे जिचा निगेटिव्ह चॅसीला आहे तिच्यातून, वरची भरलेलीच राहते. डायनामोला (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) मात्र दोघींची बेरीज दिसते. त्याला २८ च्या आसपास द्यायचंय, तो देतो, पण उपाशी बॅटरी १३ वर बसलेली असते म्हणून उरलेले १५ वरचीच्या वाट्याला येतात. वरची उकळून पाणी उडवते आणि खालची कधीच पूर्ण भरत नाही, आतल्या प्लेटांवर सल्फेट चढून दगड होतो. तुम्ही खालची बदलता, नवीन असली तरी वर्षात तीच गत, आणि शिव्या बॅटरीवाल्याला. वर एक जुनी एक नवी अशी जोडी लावली की फरक आणखी वाढतो.

तपासायला इंजिन चालू करा, जरा रेस ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी मोजा. दोन्ही साधारण १३.८ ते १४.२ च्या दरम्यान आणि एकमेकींच्या जवळ पाहिजेत. एक १३.२ आणि दुसरी १४.८ असं काही दिसलं तर माझी पैज मी जिंकलो. इलाज, मधली वायर उपटून टाका आणि २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, तो दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखा करंट घेतो. घेताना त्याचे अँपिअर बघा, सेट आणि पंखा मिळून किती खातात ते मोजून त्याच्या दीडपट घ्या. कन्व्हर्टरला पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीजवळ फ्यूज, आणि तो चावीच्या लाईनवरच्या रिलेमधून द्या, नाहीतर काहीच चालू नसलं तरी तो स्वतः थोडं खात राहतो. आणि बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या. हे महाग वाटतं, पण दरवर्षी एक टाकण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तरीही रात्रीचा चोर वेगळा असू शकतो, तो शोधू. आधी हिशोब करा. तुमची बॅटरी धरा १०० अँपिअर-अवरची, दोन रात्री आणि मधला दिवस म्हणजे छत्तीस तास. एवढ्यात ती सेल्फ न मारण्याइतकी उतरायला दोन अँपिअर तरी सतत जायला हवेत, आणि दोन अँपिअर म्हणजे ४८ वॅट, एवढं कुठेतरी दिसतं किंवा गरम लागतं. १०० मिलिअँपिअर लीक असेल तर त्याच वेळात जेमतेम साडेतीन अँपिअर-अवर जातील, धडधाकट बॅटरीला कळणारही नाही. म्हणून वायरमन ४० मिलिअँपिअरची लीक दाखवून किट बदला म्हणत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवा.

मोजायची रीत. रात्री सगळं बंद, चावी काढलेली, दारं बंद. बॅटरीचा निगेटिव्ह पट्टा काढा आणि पोस्ट व पट्टा यांच्या मधे आधी तो २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब चांगला पेटला तर मोठी गळती आहे, तिथे मीटर लावू नका, मीटरचा फ्यूज जाऊ शकतो, बल्ब तसाच ठेवून पुढचे फ्यूज काढा आणि तो कधी विझतो ते बघा. नुसता लालसर झाला किंवा नाहीच पेटला तर बल्बच्या जागी मीटर, १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर लागलेला असताना कुणी चावी फिरवणार नाही, सेल्फ तर नाहीच नाही, एवढं क्लीनरला आधी सांगून ठेवा. तुमच्या ह्या गाडीत कॉम्प्युटर-बिम्प्युटर नाही, डिझेल पंप मेकॅनिकल आहे, त्यामुळे आकडा शून्याच्या जवळ पाहिजे. जीपीएस लावलेला असेल तर तो काही मिलिअँपिअर घेणार, ते चालतं.

आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढत जा आणि कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर फ्यूजच्या आधीचं बघायचं, म्हणजे डायनामो, सेल्फ आणि लोकांनी थेट बॅटरीवरून ओढलेल्या वायरी. डायनामोतले डायोड लीक झाले की बॅटरी रात्रभर त्याच्या वायंडिंगमधून उतरत राहते, पहाटे गाडी थंड असताना डायनामोला हात लावा, कोमट लागला तर समजा सापडला. खात्रीसाठी निगेटिव्ह पूर्ण काढून मग डायनामोच्या बी प्लसची (बॅटरीला जाणाऱ्या टोकाची) जाड केबल सोडवा, टोकाला टेप गुंडाळा, परत मोजा. दुसरा नेहमीचा गुन्हेगार ब्रेक लाईटचा स्विच. एअर ब्रेकच्या गाडीत तो हवेच्या दाबाने चालतो, आत पाणी-तेल जाऊन चिकटतो आणि ब्रेक लाईट रात्रभर जळतात, दोन बल्ब म्हणजे जवळपास पावणेदोन अँपिअर. तुमच्या हिशोबात हा अगदी फिट बसतो. ह्याला मीटरसुद्धा लागत नाही, अंधारात गाडीभोवती एक चक्कर मारा, लघवीला उठाल तेव्हा मारली तरी चालेल.

फ्यूजचं दुखणं. गाडी चालताना उडतो, उभी असताना नाही, म्हणजे वायर कुठेतरी घासून उघडी पडलीय आणि हादऱ्याने लोखंडाला टेकते. सगळ्यात आधी फ्यूज केवढ्याचा लावलाय ते बघा. पार्किंगचे सगळे बल्ब मिळून साठ-सत्तर वॅट धरले तरी २४ व्होल्टवर तीन अँपिअरच्या आत, तिथे लाल १० चा भरपूर झाला. हिरवा ३० चा लावलेला असेल किंवा, देव न करो, सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली असेल तर आजच काढा, फ्यूज उडत नाही म्हणजे मग वायर उडते, आणि केबिनमागे ताडपत्री असते.

आता उडालेल्या फ्यूजच्या जागी दुसरा फ्यूज टाकून टाकून तपासू नका, पाकीट संपेल. फ्यूज काढून त्याच्या जागेच्या दोन पायांना आपला टेस्ट बल्ब जोडा. त्याआधी पार्किंगचे सगळे बल्ब काढून ठेवा, नाहीतर शॉर्ट नसतानाही त्यांच्या करंटवर टेस्ट बल्ब पेटलेलाच राहील. शॉर्ट झाला की बल्ब फुल पेटेल, शॉर्ट सुटला की विझेल, आणि काही जळणार नाही. मग बल्ब पेटणं म्हणजे शॉर्टच. हा बल्ब केबिनच्या खिडकीतून बाहेर दिसेल असा लटकवा आणि गाडीखाली जाऊन हार्नेस (वायरींचा जुडगा) हातभर हातभर हलवत जा, जिथे हलवल्यावर बल्ब भडकतो ती जागा. त्याआधी काम अर्धं करून घ्या, केबिनच्या मागे जिथे बॉडीवाल्याने त्याची वायरिंग कंपनीच्या वायरिंगला जोडली आहे तो कपलर किंवा जॉइंट सोडवा. सोडवल्यावर फ्यूज टिकला तर दोष मागच्या बॉडीत, नाही तर पुढे. कंपनी चॅसी देते, बॉडी बाहेर बांधली जाते, आणि बॉडीबांधणीवाला सुतार-वेल्डर असतो, वायरमन नसतो, त्याने घराच्या फिटिंगची वायर वापरून पिळून टेप मारलेली असते. माझा पहिला संशय कायम त्याच जागेवर.

तुमच्या गाडीत मी ह्या क्रमाने बघेन: नंबर प्लेटचा दिवा, त्याची वायर फाळका उघडताना चिमटते. मग चॅसीच्या क्रॉस मेंबरची भोकं, रबरी ग्रोमेट गळून गेलेलं असतं आणि पत्र्याची धार वायर कापत असते. मग मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) शॅकल, म्हणजे पाटा चॅसीला धरणारी हलती कडी, घाटात पाटा जास्त हलतो, तुमचा फ्यूज नेमका घाटात जातो हे मला फार बोलकं वाटतं. मग डिझेल टाकीचा पट्टा. मग सायलेन्सरजवळ वितळलेली स्लीव्ह. आणि बाजूचे मार्कर दिवे, ते एकेक वायरीवर फाळक्याच्या फळीला खिळ्याने ठोकलेले असतात, खिळा कधीकधी वायरीतूनच जातो. उंदराचं काय ते सांगायला नको, कांदा-धान्य नेणाऱ्या गाडीत डॅशबोर्डमागे एकदा बॅटरी मारून बघाच, म्हणजे टॉर्च.

जोडायचं कसं यावर दोन शब्द, कारण आत्ताचा जॉइंट हाच पुढच्या वर्षीचा फॉल्ट असतो. पिळून टेप मारायची नाही. टेपचा डिंक उन्हात सुटतो, आत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि वरून सगळं छान दिसतं. चांगल्या पकडीने क्रिम्प केलेला जोड, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आला पाहिजे. सोल्डर करणारे बरेच आहेत, वाईट नाही, पण सोल्डर वायरीत चढतो आणि तिथे ती कडक होते, ट्रकच्या हादऱ्यात बरोबर त्या कडेला तुटते, म्हणून चॅसीखाली मी सोल्डर टाळतो, डॅशबोर्डमध्ये चालेल. पाच वायरी एकत्र तुटल्या असतील तर जोड एकाखाली एक सरकवत करा, सगळे एकाच जागी केले तर गाठ होते आणि तीच घासते. जुनी वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा, काळ्या तांब्यावर कुठलाच जोड धरत नाही. गाडीला गाडीचीच वायर, घराची वायर डिझेल आणि इंजिनच्या उष्णतेने लवकर कडक होऊन तडकते.

एक वेगळीच तक्रार मला जुन्या गाड्यांबद्दल करायचीय, तुमच्याबद्दल असेलच असं नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी लायटिंगच्या माळा, मल्टीटोन हॉर्न, रंगीत दिवे सगळं कापून काढतात, कारण तो हॉर्न नियमात बसत नाही, आणि पासिंग झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी परत पिळून लावतात. दहा वर्षं म्हणजे एकाच वायरीवर दहा जखमा. लावायचंच असेल तर त्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले आणि एक कपलर ठेवा, ओढला की सुटला, लावला की लागला, कंपनीच्या वायरीला हात नको. मल्टीटोन मात्र लावूच नका, दंडही होतो आणि कानही जातात.

हेडलाईट पिवळट दिसतात असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. जास्त वॅटचा बल्ब टाकू नका. आधी दिवे चालू ठेवून एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टला आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह पिनला लावा, जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मरतायत. दीड-दोन आले तर आश्चर्य नाही, जुन्या गाडीत हेडलाईटचा बराच करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून येतो, ते कॉन्टॅक्ट जळलेले असतात. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड साधारण तीस टक्के घसरतो, म्हणजे दोन-अडीच व्होल्टमध्ये तिसरा हिस्सा उजेड गेला. दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे मोठ्या करंटचे स्विच) लावा, एक अप्परला (लांबचा झोत) एक डिपरला (खालचा झोत), २४ व्होल्टचेच मागून घ्या, दुकानदार १२ चा देतो आणि तो काही दिवसांत जळतो. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, ३० नंबरला बॅटरीवरून फ्यूजमधून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्बला, जुनी डिपरची वायर ८६ ला, ८५ अर्थला. अर्ध्या दिवसाचं काम, आणि स्विचवरचा भार गेल्यामुळे तोही टिकतो.

डायनामोचं एक राहिलं. चावी लावल्यावर डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा पेटतो का बघा. तो पेटतच नसेल तर आनंद मानू नका, त्याच बल्बमधून डायनामोच्या डी प्लस टोकाला सुरुवातीचा करंट जातो, बल्ब उडाला असेल तर सकाळी डायनामो जागाच होत नाही किंवा खूप रेस दिल्यावर होतो, आणि मालक डायनामो बांधून आणतो. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून २७.६ ते २८.४ च्या आसपास पाहिजे. २९ च्या वर जात असेल तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय, बल्ब भराभर उडणं हे त्याचंच लक्षण.

किट खरंच कधी बदलायचं, तर वायर बोटाने वाकवल्यावर तिचं कातडं तडकत असेल आणि हे एकाच जागी नाही तर लांबपर्यंत असेल, किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, किंवा आगीची झळ लागली असेल. तेव्हासुद्धा पूर्ण नाही, केबिन, चॅसी आणि मागची बॉडी हे तीन तुकडे आहेत, जो मेला तो बदला. आणि कुठेही वेल्डिंग करायचं असेल, फाळक्याचं का असेना, आधी बॅटरीचा निगेटिव्ह पट्टा आणि डायनामोची केबल सोडवा, वेल्डिंगचा अर्थ काम चाललंय त्याच्या शेजारीच चिकटवा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, आणि हातातलं कडं, अंगठी काढून खिशात. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवर पाना पडला तरी बारा व्होल्टला तो लालबुंद होतो.

उद्या सकाळी करायचं झालं तर आधी उजव्या दिव्याला बॅटरीच्या निगेटिव्हवरून आणलेली वायर टेकवून बघा, मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. फ्यूजचं काम त्यानंतर, त्याला गाडी रिकामी आणि फाळका उघडा लागेल, म्हणजे वाशीहून परत आल्यावरच.